दोन हॉटेलांच्या मधली वाळू

युलाली हिपोलिटचा राग आन्स कानो गावात सगळ्यांना ठाऊक होता. तिच्या भट्टीवर पाव घ्यायला आलेलं माणूस आधी तिच्या कपाळाकडे बघायचं आणि मगच "मा युलाली, दोन लांबडे दे गं" म्हणायचं. नवरा गेल्यापासून तिने एकटीने ती मातीची भट्टी चालवली, पोरीला नर्स केलं, कॅनडाला धाडलं आणि या सगळ्यात आवाज एकदाही खाली आणला नाही. पण पोरगी, झेल्मा, लग्न ठरवून सेंट लुसिया बेटावर परत आली तेव्हा युलालीने मनाशी घोकलं होतं, की हे दिवस कुणाशी भांडायचं नाही.

झेल्माला लग्न आपल्या समुद्रावर करायचं होतं. आता आपला समुद्र म्हणजे काय, तर खाडीच्या एका अंगाला पेलिकन क्राउन आणि दुसऱ्या अंगाला कोराय बे. दोन्ही हॉटेलं बड्या लोकांची, दोन्हींच्या खोल्यांतून सूर्य बुडताना दिसायचा. मधे उरलेल्या वाळूवर कोळ्यांच्या चार पत्र्याच्या शेड, वर ओढलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी. त्यातली लाल पत्र्याची शेड युलालीच्या बापाची. आता तिथे तिचा थोरला भाऊ मार्सलँ बसायचा.

"मम्मा, दोन्ही बघू, मग ठरवू," झेल्मा म्हणाली. "आणि तू तिथे कुणाला काही बोलायचं नाहीस."

"मी कधी काय बोलते?"

झेल्माने फक्त तिच्याकडे बघितलं.

पेलिकन क्राउनमध्ये दारातच त्यांना गार ओले रुमाल दिले. रुमालाला गवती चहाचा वास होता. युलालीने तोंड पुसलं, मान पुसली, काखेकडे हात वळवला तेव्हा झेल्माने रुमाल हळूच काढून घेतला. मग त्यांना हिरवळ दाखवली, नवऱ्या-नवरीची खोली दाखवली, आणि चाखायला म्हणून पांढऱ्या ताटलीत तळलेल्या नीरफणसाच्या तीन चकत्या आणि वर एक जांभळं फूल आणून ठेवलं.

"हे जेवण आहे की औषध?" युलालीने विचारलं.

"मम्मा."

"नाही, किती वेळा घ्यायचं तेवढं सांग."

लग्नाचं बघणारी मुलगी हसली. गावच्याच वरच्या अंगाची होती, पण गळ्यात हॉटेलचा बिल्ला अडकवल्यापासून ती बेटाची क्रिओल बोली विसरली होती. युलालीने मुद्दाच काढला. लग्नाचा केक ती स्वतः करणार होती. त्यासाठी मनुका आणि सुकी फळं रममध्ये भिजत घालून वर्ष होत आलं होतं, झेल्माने लग्नाचं नावही काढलं नव्हतं तेव्हापासून.

"सॉरी हं, मॅडम. बाहेरचं खाणं आत आणता येत नाही."

"बाहेरचं?"

"म्हणजे हॉटेलच्या बाहेरचं."

"पोरी, या हॉटेलची पायाची दगडं आणली ना, तेव्हा गाडीवाल्यांना पाव माझ्या भट्टीवरून जात होता. बाहेरची मी आहे की तुमचं हॉटेल?"

झेल्मा तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. गाडीत बसल्यावर युलाली म्हणाली, "मी काही बोलले नाही." झेल्माचे ओठ हसू दाबत होते.

कोराय बेमध्ये मात्र सगळं सुरळीत झालं. तिथला मॅनेजर डिलेनी नावाचा गोरा माणूस, उंच, नम्र, पायात मोजे नसलेला. केकचं ऐकून तो खूशच झाला. "वा! आईच्या हातचा केक! पाहुण्यांना हेच तर हवं असतं." खोल्या मोठ्या होत्या. वाळू पेलिकनपेक्षा मऊ होती. झेल्माचा होणारा नवरा ट्रेव्हर टोराँटोला होता. तिने त्याला फोनवरून पलंग दाखवला, न्हाणीघर दाखवलं, समुद्र दाखवला. "पेलिकनचं जेवण जरा बरं, पण वागणूक इथली," ती त्याला सांगत होती. युलालीलाही पटलं. समोर आणून ठेवलेलं सरबत तिने सगळं प्यायलं आणि मनातल्या मनात केकचे थर मोजले.

डिलेनी त्यांना गच्चीवर घेऊन गेला. खाली सगळी खाडी पसरली होती.

"फोटो इथून काढायचे," तो म्हणाला. "ते पत्रे दिसतायत ना, त्यांची काळजी करू नका. तुमच्या लग्नाआधी ती जागा मोकळी होईल. पेलिकनशीही बोलणं झालंय. तिथे आरामखुर्च्या येतील, फुलांची वाट येईल."

"कुठले पत्रे?" युलालीने विचारलं, तरी तिला दिसत होते.

"कोळ्यांच्या शेड. सगळे तयार झालेत. त्यांच्यातला म्हातारा फार समजूतदार निघाला, त्यानेच बाकीच्यांना समजावलं."

युलालीने पेला कठड्यावर ठेवला. "त्यातली लाल माझ्या बापाची आहे."

डिलेनीचा चेहरा क्षणभर गोंधळला आणि मग उजळला. त्याला खरंच आनंद झाला होता, तेच वाईट. "काय सांगता! मग वडिलांचा एखादा जुना फोटो असेल? आम्ही नवा बार करतोय, भिंतीवर इथल्या कोळ्यांचे फोटो लावणार आहोत. पाहुण्यांना इथला इतिहास—"

"माझा बाप दारूच्या बाटल्यांवर टांगणार तुम्ही?"

"मम्मा, चल."

"थांब गं! त्याची जागा उपटायची आणि तो मेला म्हणून त्याचं तोंड भिंतीला लावायचं? आणि खाली बसून तुमचे लोक माझ्या हातचा केक खाणार? लाज वाटत नाही?"

आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली. डिलेनी दोन्ही हात छातीशी जोडून काहीतरी पुटपुटत राहिला. युलाली जिना उतरून सरळ वाळूवर गेली. हॉटेलची हद्द दाखवणारा दोर होता. तो तिने ओलांडला नाही, उपटला, आणि हातात धरूनच शेडकडे चालत गेली.

मार्सलँ बाकावर बसून मासे धरायचा तारेचा पिंजरा शिवत होता. बहिणीच्या हातातला दोर बघून त्याला सगळं कळलं असावं.

"लाली, ऐक आधी."

"कुणाला विचारलंस?"

"मी सांगणारच होतो. लग्न होऊन जाऊ दे म्हटलं."

"कुणाला विचारलंस, मार्सलँ?"

त्याने पिंजरा बाजूला ठेवला. "विचारू कुणाला? हे गुडघे बघ. समुद्रात शेवाळ एवढं येतं, की जाळं ओढलं तर गवतच हाताला लागतं. मासा गेला लांब. पोरं गेली शेजारच्या बेटावर, मार्टिनिकला. पेलिकनवाले आले, म्हणाले, जागा सोड, पैसे घे. कोरायवाले आले, म्हणाले, जागा सोड, नोकरी घे. पाहुण्यांना होडीतून फिरवायचं. मी कोराय धरलं."

"पांढरा शर्ट घालणार?"

"घालीन. तू काय केलंस आज दिवसभर? दोन्ही हॉटेलं हिंडून आलीस ना, कुठलं बरं ते बघायला? तू केकसाठी बघितलीस, मी पोटासाठी बघितली. मग माझ्यावर का ओरडतेस?"

हे तिला लागलं. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. तिने त्या पिंजऱ्याला जोरात लाथ मारली. तार अंगठ्यात घुसली, ती कळवळून बाकावर बसली आणि बसल्या बसल्या क्रिओलमधल्या जेवढ्या शिव्या आठवत होत्या तेवढ्या तिने भावाला दिल्या. मार्सलँ खाली वाकला, तिचा अंगठा बघायला लागला.

"हात लावू नकोस. बापाने ही शेड दोघांना दिलीय. वाटणी झाली नाही आपली. तुझा अर्धा पत्रा काढून ने आणि घाल त्या गोऱ्याच्या गळ्यात. माझा अर्धा इथेच राहणार."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

घरी झेल्मा वाट बघत होती. ती रडली नव्हती, नुसती पेटली होती. आईचाच स्वभाव.

"तू माझं लग्न मोडतेयस."

"मी बापाची जागा राखतेय."

"कुठली जागा? माशांच्या खवल्यांची? मम्मा, तूच मला म्हणायचीस, शीक, नाहीतर त्या शेडमध्ये मासे चिरत बसशील. तूच मला विमानात बसवून धाडलंस की इथलं काही माझ्या अंगाला लागू नये. आता मी तिकडची झाले, तर मला याच शेडसाठी रडायला लावतेस? मामाला चैनीने जगू दे ना दोन वर्षं!"

युलाली भट्टीवर गेली आणि पीठ असं आपटत राहिली, की शेजारच्या घरातलं मूल जागं होऊन रडायला लागलं. पोरीने म्हटलेलं एकेक वाक्य तिचंच होतं. ते तिने झेल्माच्या लहानपणी शंभरदा म्हटलं होतं. त्यामुळे राग कुणावर काढावा तेच कळेना, आणि राग काही कमी होईना.

शेड पाडायला माणसं आली त्या सकाळी युलाली घरून खुर्ची घेऊन आली आणि लाल पत्र्याखाली जाऊन बसली. बाकीच्या तिन्ही शेड तिच्या डोळ्यांदेखत पडल्या. त्या शेडवाल्यांच्या घरची माणसं रस्त्यावर उभी राहून बघत होती, जणू दुसऱ्याचीच शेड पडतेय. मग यंत्र तिच्यासमोर येऊन थांबलं. डिलेनी आला. त्याने तिला पेलिकनपेक्षा चांगला मोबदला देऊ केला, भट्टीचा सगळा पाव हॉटेलला घेऊ म्हणाला.

"माझ्या बापाचा फोटोही घ्याल," युलाली म्हणाली. "जा इथून."

शेवटी त्यांनी मार्सलँला पुढे केलं. तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. खिशावर निळ्या दोऱ्याने त्याचं नाव काढलेलं.

"लाली, ऊठ गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"असं म्हणतेस?"

"म्हणते. शर्ट छान दिसतो हो. बापाला दाखवायला हवा होता."

मार्सलँचं तोंड उतरलं. तो वळला आणि पाण्याकडे निघून गेला. नोकरी त्याची गेली नाही. हॉटेलच्या वकिलाने चौकशी केली तेव्हा वाटणी न झालेल्या जागेत एकाचं हो पुरत नाही, असं निघालं. यंत्र परत गेलं. कोराय बेने शेडच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं लावली, म्हणजे पाहुण्यांना ती दिसू नये.

झेल्माने लग्न पेलिकन क्राउनमध्ये केलं. युलाली गेली. पहिल्या रांगेत बसली, पोरीला बघून तिचे डोळे भरले, पण तिथलं पाणीही प्यायली नाही. मार्सलँ त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. केक हॉटेलचा होता. रममधली फळं युलालीने गावात वाटून टाकली होती.

पुढच्या महिन्यांत ती सकाळी शेडमध्ये पाव विकायला बसू लागली. दोन्ही हॉटेलांत काम करणारी माणसं कामावर जाताना तिथे थांबत. मार्सलँ पाहुण्यांना घेऊन समोरून जायचा तेव्हा ती पाठ करून बसायची.

एकदा त्याच्या होडीचं इंजिन किनाऱ्यालगतच बंद पडलं. लाटा मोठ्या होत्या. होडी तिरकी होऊन खडकांकडे सरकू लागली, आतले पाहुणे किंचाळायला लागले. मार्सलँने दोर किनाऱ्याकडे भिरकावला, पण तो आखूड पडला. दोन्ही हॉटेलांचे रखवालदार आपापल्या हद्दीत उभे राहून शिट्ट्या फुंकत होते.

युलाली कपड्यांसकट पाण्यात शिरली.

"गाढवा! इंजिन तपासून निघायला काय झालं होतं?" कमरेएवढ्या पाण्यात तिने दोर पकडला आणि मागे खेचला. "गुडघ्यांचं रडतोस आणि बारा माणसं घालून फिरतोस! वल्हं घे! उजवीकडे, उजवीकडे रे, तुला बापाने काय शिकवलं होतं?"

"मारतोय ना!" तो ओरडला.

होडीतल्या एका पाहुण्याने फोन वर केला.

"फोटो काय काढतोस! उतर आणि ओढ!"

तो उतरला. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे उतरले. सगळ्यांनी मिळून होडी वाळूवर घेतली, नेमकी लाल पत्र्यासमोर. पाहुणे थरथरत वाळूवर बसले. मार्सलँ दोर धरून उभा होता, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला, धाप लागलेली.

युलालीने घागऱ्याचा काठ पिळला आणि शेडमध्ये जाऊन टोपलीवरचं फडकं उचललं. पाहुण्यांना एकेक पाव दिला. मार्सलँसमोर आली तेव्हा त्याने हात पुढे केला. तिने पाव त्याच्या हातात आपटला.

"खा," ती म्हणाली. "आणि तो शर्ट काढ आधी. ताप येईल."