एका दाराची गाडी

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा, पण गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं नुसत्या एका दारातून अख्खी गाडी उभी केली होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, टप नाही, तरी ती रोज थोडी थोडी चकाकत चालली होती.

झालं असं, की बायको दवाखान्यात असताना पेंटरनं आपल्या जुन्या गाडीवरचं कापड काढलं, आत बसला आणि त्याचा पाय सरळ तळातून जमिनीला टेकला. गंजानं खालून पार पोखरली होती. भंगारवाला येऊन ओढून घेऊन गेला. पेंटरनं फक्त बायको बसायची त्या बाजूचं दार मागून ठेवून घेतलं.

मग बायको घरी आली. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्यावर आणून ठेवली, म्हणा. मागच्या खोलीतल्या खाटेवरून तिला खिडकीतलं वीतभर आभाळ दिसायचं, बाकी काही नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, गाडी कशी आहे? जरा उठता आलं की तळ्याच्या रस्त्यानं ताईकडे जाऊन येऊ. पेंटरची जीभ त्याच्याआधीच बोलून गेली, "थोडा गंज धरलाय गं. पण वरवरचा. घासला की गेला."

बोलून बसला, आता घासणं आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीखाली विटांवर दार आडवं टाकलं, साबणाच्या पाण्यात पॉलिशपेपर भिजवला आणि लागला कामाला. तांबूस पाणी ओघळायचं. आधी जाडा कागद, मग बारीक, मग पुसून प्रायमर, मग रंग. रंगाचा वास आत पोचला की बायकोला बरं वाटायचं. दार तर चार दिवसांत नव्यासारखं झालं. मग करणार काय? रंग खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. आज काय घेतलंत, म्हणून आतून विचारणा व्हायची. कधी बॉनेट, कधी डिकी, कधी मागचं मडगार्ड.

वर थापा होत्याच. बॉनेट असं झालंय की एक कावळा सकाळपासून स्वतःशीच भांडतोय. शेजारचे काका डिकीत बघून दाढी करून गेले, वर गरम पाणी मागत होते. बायको हसायची. हसता हसता खोकला यायचा, आणि तो थांबेपर्यंत पेंटर बाहेर ओला कागद मुठीत पिळत उभा राहायचा.

तिचा आवाज दिवसेंदिवस खाली चालला होता. इकडे पत्राही पातळ होत होता.

पेंटरनं सोंग मात्र चोख वठवलं. रंगाचे डबे वाजवले, नसलेल्या चाकांत पंपानं हवा भरली. विसरला एवढंच, की त्याच्या वर्कशॉपात जुनी गाडी आली की हीच बायको बोटाच्या पेरानं पत्रा ठोकायची आणि रंगाखाली पुट्टी कुठं भरलीय ते डोळे मिटून सांगायची.

एका दुपारी कागद आरपार गेला. पेंटरचं बोट दाराच्या पलीकडे निघालं. तो बोटाकडे बघत राहिला.

"काय हो, थांबलात का?"

"काही नाही. टप तेवढा राहिलाय." मग तो म्हणाला, "उद्या निघू आपण."

 आत खाटेच्या लोखंडी कडेवर पेराची टकटक झाली, हलकी, दोनदा.

"टप घासला की घुमतो, अहो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तुम्ही एकच दार घासताय. माझ्या बाजूचं. आणि त्याच्यामागे गाडी नाहीये."