स्प्रिंगची सीट

लग्न झालं आणि शुभदाची सायकल सुटली ती सुटलीच. सांगलीत कॉलेजला सायकलवरून जाणारी ही मुलगी बंगळूरला राजाजीनगरच्या घरात आली, सासूबाईंनी "आपल्या घरात हे शोभत नाही" म्हणून एकदाच सुनावलं आणि ही गप्प बसली. पुढे सासूबाई गेल्या, त्यांचं वर्षश्राद्धही झालं. मग एकदा जेवताना उपेंद्र आपणहून म्हणाला, "तुला सायकल घेऊ या. रविवारी दोघं सँकी तलावावर चक्कर मारू." नवऱ्याला हे सुचलं कसं, याच आनंदात तिला ठसका लागला.

चिकपेटमधल्या दुकानात तिने एकेक गोष्ट हक्काने मागून घेतली. पाठ वाकवावी लागू नये असं उंच हँडल. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागे जाळी. सीटवर तर ती अडूनच राहिली. दुकानदार देवाप्पाने पुढ्यात मांडलेल्या सगळ्या सीटा तिने अंगठ्याने दाबून नाकारल्या. शेवटी त्याने माळ्यावरून एक काढली, रुंद, मऊ, खाली जाड स्प्रिंगा असलेली.

"शर्यत लावायची नाही ना अक्का? आरामात फिरायला हीच बरी. स्वल्प बसून बघा."

इथेच शुभदाने स्वतःचा घात केला. आंबा असो की चादर, घरात आलेली नवी वस्तू आधी नवऱ्यापुढे करायची, हे सासूबाईंनी तिच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की तोंडातून आपोआप निघालं, "अहो, आधी तुम्ही बसा."

उपेंद्र बसला, वरखाली झाला. त्याच्या चेहऱ्यावर पसरलेलं ते सुख शुभदाने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती पदर खोचून बाहेर आली, तर स्प्रिंगची सीट उपेंद्रच्या सायकलवर चढलेली. तिच्या कोऱ्या सायकलवर त्याची जुनी कातडी सीट होती, इतकी वर्षं त्याच्या वजनाखाली दबून खळगा पडलेली.

"मला रोज कारखान्यात जायचं असतं गं," तो पान्याने नट आवळत म्हणाला. "तुला काय, आठवड्यातून एकदा. आणि तूच म्हणालीस ना, आधी तुम्ही?"

संतापाने तिचे कान तापले. नवऱ्याचा राग आला, मेलेल्या सासूचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. तरी ती गेली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या कंबरेत शिरला. पुढे उपेंद्र शीळ घालत मजेत चालला होता.

पुढच्या रविवारी त्याने दारातून हाक मारली, "शुभदा, निघायचं ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

तो झाला पुढे. परत आल्यावर तलावावर वारा काय झकास होता ते सांगत त्याने पोह्यांची बशी ओढली. ती मागून का आली नाही, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.