बाबांचा रोल आणि उंची कॉफी

ऑफिसात त्याला सगळे कॉफीपंडित म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते कौतुक वाटे. पाणीपुरवठा खात्यात अर्ज तपासणारा साधा गृहस्थ, पण मशीनची कॉफी समोर आली की असं नाक मुरडायचा की आणून देणाऱ्यालाच अपराधी वाटावं. घरी बिया खास, दळायचं यंत्र खास, पाण्याला थर्मामीटर. बायको बिचारी आपला चहा गुपचूप पिऊन घ्यायची.

अशा माणसाच्या हाती ताईने बाबांचा रोल दिला. आता काय म्हणावं!

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात तो रोल तीस वर्षं तसाच पडून होता. ताईचं म्हणणं, एका दुपारी बाबांनी आईला मागच्या अंगणात खुर्चीवर बसवलं आणि अख्खा रोल तिच्यावर संपवला. आई हसत होती म्हणे. त्याला हे कधीच पटलं नाही. बाबा आईशी बोलायचे ते मीठ कमी पडलं तरच, ते कशाला तिचे फोटो काढतायत? "तुला स्वप्न पडलं असेल," हे तो तेव्हापासून ताईला ऐकवत आला होता. आता आई-बाबा दोघंही नव्हते. साक्षीला उरला होता तो हा एवढा एक रोल.

"कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे दे," ताईने बजावलं होतं. "जन्म गेलाय त्याचा फिल्म धुण्यात."

पण कॉफीतही फिल्म धुता येते, असं याने कुठेतरी वाचलं होतं. झालं, मग काय विचारता! विषय कॉफीचा, आणि पाय धरायचे स्टुडिओवाल्याचे? तरी उमटलेलं चित्र पक्कं करायला आणि न उमटलेलं धुऊन काढायला फिक्सर लागतो, तो आणायला त्याच्याच दारात जावं लागलं. म्हातारा भला माणूस. म्हणाला, "साहेब, सगळ्यात स्वस्त इन्स्टंट कॉफी घ्या. धुण्याचा सोडा चांगला चार चमचे घाला, खरं काम तोच करतो. घाण वास येईल, तेवढं सोसा. आणि आधी एखादा फालतू रोल धुऊन बघा." याने मान डोलावली आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला निकालात काढलं.

रविवारी दुपारी न्हाणीघराच्या फटींना टॉवेल कोंबून, काळोखात चाचपडत त्याने रोल धुण्याच्या डब्यात भरला, घट्ट झाकण लावलं आणि दिवा लावला. फालतू रोल वगैरे काही नाही, थेट बाबांचाच. इन्स्टंट कॉफीला तर घरात प्रवेशच नव्हता. त्याने आपल्या ठेवणीतल्या बियांची कॉफी केली, गाळली, निववली. त्यात, वाचलं होतं तशी, व्हिटॅमिन सीची पूड घातली. मग सोड्याचा पहिला चमचा पडला आणि ओल्या मोज्यांचा वास सुटला. पंडितांच्या अगदी जिवाला लागलं ते. उरलेला सोडा त्याने पुडीत परत बांधला.

"अहो, चार चमचे सांगितले होते ना?" बायको दारातून म्हणाली.

"मला वासावरून कळतं," तो म्हणाला.

ताई सकाळपासून बाहेरच्या खोलीत चष्मा पुसत बसली होती. त्याने पंधरा मिनिटं डबा हलवला, पाण्याने खळबळला, फिक्सर ओतला, पुन्हा धुतला आणि मग मोठ्या रुबाबात फिल्म बाहेर ओढली.

कोरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी, आरपार पलीकडची भिंत दिसावी अशी. त्याने ती दिव्यासमोर धरली आणि कडा तपासल्या. फिल्मच्या कडेला कारखान्यातच आकडे छापून येतात. रोल रिकामा असला तरी धुतल्यावर ते उमटतातच. इथे एकही आकडा नव्हता. म्हणजे फिल्म धुतलीच गेली नव्हती, आणि तिच्यावर जे काही होतं ते आता फिक्सरने कायमचं नेलं होतं.

तो फिल्म घेऊन बाहेर आला. "रोल रिकामाच होता, ताई," तो म्हणाला. एवढ्यावर थांबावं ना? "बाबांनी फोटो काढलेच नसणार."

बायकोने सोड्याच्या पुडीकडे पाहिलं. ताई रडली नाही. तिने चष्मा घडी करून डबीत ठेवला.

"म्हणजे तुझंच खरं होतं," ती म्हणाली. "मीच मनाचं काहीतरी धरून बसले इतकी वर्षं. उगाच भांडले तुझ्याशी." आणि ती पिशवी उचलून उठली.

तीस वर्षांचा वाद तो जिंकला होता. माणूस शिष्ट होता, पण इतकाही नालायक नव्हता.

"ताई, थांब. रोल रिकामा होता की भरलेला, ते आता कुणालाच कळायचं नाही. मी सोडा कमी घातला."

"का?"

"कॉफीचा वास बिघडत होता."

आता ताईने चार शब्द सुनावावेत, म्हणून तो खाली मान घालून उभा होता.

"गाढव आहेस," ती शांतपणे म्हणाली आणि परत खुर्चीवर बसली. फिल्म तिने त्याच्या हातून घेतली, मांडीवर सरळ केली. "म्हणजे काढले होते त्यांनी फोटो."

"असतील काढले."

"आई हसत होती."

"हसत असेल."

"असेल नाही," ताई म्हणाली. "होती."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"होती," तो म्हणाला.