डाळीवरची सावली

सोलर कुकर घरात आला त्याच दिवशी फौजेतनं रिटायर झालेल्या हवालदार जोतीरामनं भरलेला सिलिंडर मलकापूरच्या भावाला देऊन टाकला. तेव्हापासून अंबूबाईनं नवऱ्याशी भांडणं सोडलं. ती आता थेट सूर्याशीच भांडायची.

आज माधवनगरचे पाहुणे लेकीला, शिवांजलीला, बघायला एक वाजता जेवायलाच येणार होते. भाकरी शेजारच्या धोंडुबाईच्या गॅसवर झाल्या. डाळभात मात्र उन्हावरच, असा जोतीरामचा हुकूम. नऊला डबे कुकरच्या पेटीत गेले. ऊन असं की कावळ्यानं चोच वासावी. तरी अकराला डाळ कोमटच.

अंबूबाई अंगणात येऊन बघते तर पेटीच्या झाकणाला आतनं आरसा, आणि आरशापुढं शेजारचा नानासो केस विंचरत उभा. सावली बरोब्बर डाळीवर.

"भावजी, घरात आरसा न्हाई व्हय?"

"हाय की. पण ह्यात माणूस उजळ दिसतो."

तो गेला, तर धोंडुबाई टिकली सारखी करायला आली. ती गेली, तर खुद्द जोतीराम मिशीला पीळ देत उभा.

"आवं, तुमी तरी."

"तपासणी करतोय," जोतीराम म्हणाला.

साडेबाराला पाहुणे आले. नवरामुलगा वीरधवल हातपाय धुऊन सरळ पेटीपुढं गेला. कंगवा काढला. भांग डावीकडं पाडला, मोडला, उजवीकडं पाडला. नानासोला हाकलता येतं. होणाऱ्या जावयाला 'सर बाजूला' कोण म्हणणार? अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. सीमेवर बारा वर्षं काढलेला गडी छपराचे पत्रे मोजत होता.

एक वाजला. वीरधवल आता भुवयांवर आला होता.

सरबत घेऊन शिवांजली बाहेर आली. रीतीप्रमाणं मान खाली. खाली पेटी दिसली.

"आवं, जरा सरता का? तुमची सावली डाळीवर पडलीया."

अंबूबाईनं मनातल्या मनात सोयरीक मोडली, पाहुणे वाटेला लावले, बातमी उंब्रज गावभर फिरवलीसुद्धा.

वीरधवल सरला. कंगवा खिशात घातला, पेटी उन्हाकडं फिरवली.

"किती वेळ लागंल?"

"कुणी आडवं आलं न्हाई तर दोन तास."

दोन तास तो पेटीशेजारी राखणीला बसला. त्याचे वडील टोपी नीट करायला आले, तर म्हणाला, "दादा, सरा. डाळ हाय."

होकार पंगतीच्या आधीच आला. जोतीराम फुगला. "बघितलंस? सोलरनं सोयरीक जमवली. लग्नाचं जेवण बी उन्हावरच."

अंबूबाईनं हात पुसले आणि मलकापूरच्या दिराला फोन लावला.