पहिल्या बेसवरचा पाय

हॅरोहून निघताना तनिषाने पिशवीत आधी अन्वीची दुपटी भरली, मग डायपर, मग डाळ-गाजराचा डबा, आणि उरलेल्या जागेत बेसबॉलचा ग्लव्ह कोंबला. चेन काही लागेना.

"पार्कात चाललो की लढाईला गं?" तिच्या सासूबाई, श्यामलाबाई म्हणाल्या. नातीला बघायला नागपूरहून येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

"निवड आहे, आई. पुढच्या रविवारी कपची मॅच. टीममध्ये नऊ जण लागतात आणि आठ नावं लिहून झालीत. नववं आमच्या क्लबची मॅग्स आज लिहिणार."

"तुझं?"

"मला तरी तसंच वाटतंय," तनिषा हसली आणि पुन्हा चेन ओढायला लागली.

बेसबॉलचं हे वेड गेल्या जूनमधलं. नवऱ्याच्या, पुष्करच्या ऑफिसने तिकिटं दिली आणि ऑलिम्पिक झालेल्या त्या प्रचंड स्टेडियममध्ये दोघं अमेरिकन टीम्सची मॅच बघायला गेली. तनिषाला सहावा महिना होता. बॅटचा तो खणखणीत आवाज आला आणि पोटात अन्वीने अशी लाथ मारली की तनिषाच्या हातातली चिप्सची पिशवी उडाली. विद्यापीठाच्या क्रिकेट टीममध्ये ओपनिंग केलेली पोरगी ती. तिच्या हातांना खाज सुटली. अन्वी चार महिन्यांची झाली तेव्हा उत्तर लंडनच्या एका पार्कातला क्लब तिने शोधून काढला. तो चालवणारी मॅग्स साठीची. तिचे आजोबा म्हणे महायुद्धाआधी पूर्व लंडनमध्ये, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर बेसबॉल बघायला जायचे. "हा खेळ इथला नाही असं मला कुणी सांगू नये," ती प्रत्येक नव्या माणसाला बजावायची.

पार्कात पोचल्यावर पुष्करने गवतावर चादर अंथरली. सराव सामना सुरू झाला. तनिषाची बॅटिंग आली तेव्हा चेंडू टाकणाऱ्या पिचरचा दुसराच चेंडू तिने जमिनीलगत तडकावला आणि ती सुटली.

"पळ गं," श्यामलाबाई चादरीवरून उठल्याच. पन्नास वर्षं क्रिकेट बघितलेल्या बाई त्या. "बॅट टेकव! आधी बॅट टेकव!"

आणि तनिषाने टेकवली. लांबून वाकून, हात ताणून, बॅटचं टोक पहिल्या बेसच्या पांढऱ्या गादीला लावलं, गर्रकन वळली आणि दुसऱ्या रनसाठी उलटी पळत सुटली.

अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की सगळे हसताहेत.

"आउट," मॅग्स म्हणाली. "इथे पाय लावतात, डार्लिंग. बॅट तिथेच टाकायची आणि परत तर अजिबात यायचं नाही."

तनिषाचे कान तापले. पुढे फील्डिंगला उंच आलेला झेल तिने डाव्या हातातला ग्लव्ह विसरून उजव्या उघड्या हाताने घेतला. दोघा खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, पण मॅग्सच्या भुवया चढल्या. "तो ग्लव्ह काय शोभेला दिलाय?" तिच्या हातातल्या कागदावरची नववी ओळ कोरीच होती.

चादरीपाशी येऊन तिने घटाघटा पाणी प्यायलं.

"माझ्यामुळे झालं का गं?" श्यामलाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही, आई. माझ्या हातातच बसलंय ते."

"मग हाताला सांग की. हा पुष्कर मला आता समजावून राहिला. बॅट फेकायची म्हणे. असला कसला खेळ, बापा, हत्यार टाकून पळायचं." अन्वीला खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "जा. आता मी बरोबर सांगते."

शेवटच्या डावात तिची पाळी पुन्हा आली. बरोबरीची स्थिती, दोन आउट, आणि तिसऱ्या बेसवर तिच्याच टीमचा सतीश घराकडे, म्हणजे बॅटिंगच्या 'होम' बेसकडे, झेपावायला टपलेला. तनिषा तिसरी आउट झाली तर डावच संपणार आणि त्याची धावही जाणार. पिचरने हात फिरवला. चेंडू बॅटला नीट लागलाच नाही. नुसता घरंगळत गेला.

"सोड!" मागून नागपुरी आवाज आला. "सोड ती बॅट, पोरी!"

तिने मूठ उघडली. हात एकदम रिकामे, हलके. ती पळाली, छाती भरून, दूध भरून आलेल्या अंगाने पळाली, आणि पाय गादीवर दणकन पडला तेव्हा बेसकडे फेकलेला चेंडू अजून हवेत होता.

"सेफ!" मॅग्स ओरडली.

सतीश घरी पोचला होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि त्या सगळ्या गोंगाटावर मात करत अन्वीने भोकाड पसरलं. तिची दुधाची वेळ झाली होती.

श्यामलाबाई तिला घेऊन सरळ पहिल्या बेसकडे चालत आल्या. मॅग्सने हात वर करून खेळ थांबवला आणि कागद-पेन घेऊन तीही आली.

"स्पेलिंग सांग," ती म्हणाली.

गादीवरचा पाय न हलवता तनिषाने आपल्या नावाची अक्षरं सांगितली. अन्वी तिच्या कडेवर, तोंड जर्सीत खुपसून.

"चल आता सावलीत, पाज तिला," श्यामलाबाई म्हणाल्या. "खेळ थांबलाय ना? पाय उचल की."

"उचलते, आई," तनिषा म्हणाली. "आधी मॅग्सचं लिहून होऊ दे."