पान एक्केचाळीसवरची खोटी नोंद

मी एक जुनी शिक्षावही आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करते, मी खोटारडी आहे. माझ्या पोटात जे लिहिले आहे त्यातले फार थोडे खरे आहे. तरीही आयर्लंडमधल्या मोठमोठ्या वकिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि समोर बसलेल्या जित्याजागत्या माणसावर ठेवला नाही. त्याचा मला अजून संताप येतो, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म डब्लिनमधल्या एका वह्या बांधण्याच्या कारखान्यात झाला. हिरवे पुठ्ठे, चामड्याची पाठ, जाड पिवळसर कागद. प्रत्येक पानावर पाच रकाने होते: तारीख, मुलाचा क्रमांक, गुन्हा, फटके आणि सही. रकाने आखणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पाठीवरून हात फिरवला नि तो म्हणाला, "झालीस खरी झकास. पण देव करो आणि तू कोरीच राहो." भला माणूस होता. मी बहुतेक कोरीच राहिले, पण त्याला हवे होते त्या कारणाने नाही.

मला पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅरिगडून गावी पाठवण्यात आले. तिथे ब्रदर लोकांची, म्हणजे मठात राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मबंधूंची, एक औद्योगिक शाळा होती. म्हणायला शाळा. आई वारलेली, बाप मजुरीसाठी इंग्लंडला गेलेला, अशा घरांतली मुले कोर्ट तिथे धाडत असे. सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत सुटका नव्हती. मुलांनी बूट शिवायचे, बटाटे खणायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे. मुलाला मारले तर त्याच दिवशी माझ्यात नोंद करायची, असा सरकारी नियम होता. नियमाने मुलांची राखण होईल असे राजधानीतल्या साहेबांना वाटले असावे. पण इथे कुंपणच शेत खात होते आणि माझ्यात लिहिण्याचे कामही कुंपणाकडेच होते.

माझे मालक ब्रदर बेनिग्नस. त्यांच्या झग्याच्या खिशात चामड्याचा पट्टा असे आणि तो रोज बाहेर निघे. मी मात्र जेवणघरातल्या कपाटाच्या मोडक्या पायाखाली पडून असे. तिथूनच मी सगळे ऐकले. वर्षभर कपाटाला टेकू द्यायचा आणि दोन दिवस सरकारी कागद म्हणून मिरवायचे, असे माझे आयुष्य होते.

ते दोन दिवस तपासणीचे. इन्स्पेक्टर यायच्या आधी तसे पत्र यायचे. चोराला कळवून धाड घालणारे सरकार तुम्ही पाहिले आहे का? मी पाहिले. पत्र आले की शाळेत लगीनघाई उडे. फरशा घासल्या जात, कोठीतली नवी ब्लँकेटे पलंगांवर येत, मुलांच्या पावावर लोणी दिसे. मग मला कपाटाखालून ओढून काढत आणि एका दुपारी, एका बैठकीत, वर्षभराच्या शिक्षा लिहून काढत. ब्रदर बेनिग्नसांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून ते एका सुंदर अक्षराच्या मुलाला लिहायला बसवत. त्याचे नाव कोलमन गेराटी. वय बारा, क्रमांक एकशे सतरा.

"लिही, एकशे सतरा. मार्च चार. प्रार्थनेत बोलला. फटके दोन. आता शाईत जरा पाणी घाल."

"पाणी कशाला, ब्रदर?"

"अरे गाढवा, सगळ्या नोंदी एकाच रंगाच्या दिसल्या तर साहेब काय म्हणेल? घाल गुपचूप."

या कोलमनचा धाकटा भाऊ लोर्कन, क्रमांक एकशे अठरा. नऊ वर्षांचा होता. एके दिवशी जेवताना त्याने एक उकडलेला बटाटा खिशात घातला, संध्याकाळी भूक लागेल म्हणून. ब्रदरांनी ते पाहिले. त्यांनी त्याला जेवणघराच्या मधोमध उभे केले आणि पट्टा काढला. पहिले काही फटके हातावर बसले. मग ते कुठे बसताहेत हे ब्रदर बघेनासे झाले.

कॅरिगडूनच्या मुलांची एक रीत होती. ज्याला मार बसतो त्याला मोजता येत नाही, म्हणून बाकीची मुले टेबलाखाली बोटांवर मोजत आणि मागाहून त्याला आकडा सांगत. दुसरे काहीच ती एकमेकांसाठी करू शकत नव्हती. त्या दिवशी साठ मुलांनी मोजले आणि साठांचा आकडा एकच आला, तेवीस. पण लोर्कनला तो उजव्या कानात सांगावा लागला. डाव्या कानाने त्याला पुन्हा कधीच ऐकू आले नाही.

पुढच्या तपासणीआधी त्या नोंदीची पाळी आली. पान एक्केचाळीस, चौथी ओळ.

"एकशे अठरा. बटाटा चोरला. फटके दोन."

कोलमनने दोन लिहिला आणि त्याच्यापुढे तीन काढला. ब्रदरांनी त्याच्या बोटांवर रूळ हाणला. "काय लिहिलंस हे?"

"तेवीसच होते, ब्रदर. सगळ्यांनी मोजलेत."

"सगळ्यांनी? मग बोलवू का सगळ्यांना? एकेकाला?"

ब्रदरांनी त्याच्यापुढे ब्लेड टाकले आणि त्याने तो तीन खरवडून काढला. मला दुखले, पण त्या मुलाचे तोंड पाहून मी माझे दुखणे विसरले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी केक खाता खाता मला चाळले. "वा! काय सुरेख अक्षर आहे!" ते म्हणाले. माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक, आणि ते ऐकून मला कपाटाखाली परत जावेसे वाटले.

पुढे काही वर्षांनी शाळा बंद पडली. मला ब्रदर लोकांच्या मुख्य मठात एका पेटीत कुलूप लावून ठेवले. तिकडे कॅरिगडूनसारख्या शाळांमधली मुले मोठी झाली, म्हातारी होत आली आणि एकेक करून बोलू लागली. शेवटी सरकारने राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला. पन्नास वर्षांनी! वरातीमागून घोडे, दुसरे काय? मठाने आधी कळवले की वह्या उरलेल्या नाहीत. आयोगाने चार वेळा दटावले तेव्हा एका मार्च महिन्यात मी अचानक सापडले. लोर्कनने आयोगाला तीन पत्रे लिहिली होती. त्याला साक्षीची तारीख मिळाली तेव्हा त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते.

म्हणून साक्षीला कोलमन आला. बासष्ट वर्षांचा, आयुष्यभर दुधाची गाडी चालवलेला, बायकोने इस्त्री करून दिलेला सदरा घातलेला. भावाला किती मारले ते सरकारदरबारी खरे लिहिले जावे, एवढेच त्याला हवे होते. मठाचे वकील हेशन माझ्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मिस्टर गेराटी, तुम्ही तेवीस म्हणता. वहीत तर दोन आहेत. पन्नास वर्षांत आठवणी वाढत जातात, नाही का?"

"आठवणी वाढत असतील, साहेब. गेलेला कान वाढला नाही."

"विचारलंय तेवढंच सांगा. वहीत दोन का आहेत?"

"मीच लिहिलेत म्हणून."

कोलमनने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "पान एक्केचाळीस, चौथी ओळ. दोनच्या पुढं बोट फिरवून बघा, कागद पातळ लागेल. तिथं तीन होता. मी खरवडला, माझ्या हातानं. घाबरलो होतो हो मी. सख्खा भाऊ होता माझा आणि मी खरवडला." आणि तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

आयोगाच्या न्यायमूर्ती बाईंनी मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. खरवडलेल्या जागेतून उजेड आरपार दिसला. मला वाटले, झाले एकदाचे!

हेशन घाईघाईने म्हणाले, "यांनी वही कुठंतरी पाहिली असेल, बाईसाहेब."

"मार्चपर्यंत ही वही कुणाच्या कुलपात होती, मिस्टर हेशन?"

"माझ्या अशिलांच्या."

"मग बसा खाली."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी कशाला चिडले असते? दोन वर्षांनी आयोगाचा पाच खंडांचा अहवाल आला. त्यात माझ्याबद्दल एक ओळ आहे: 'पान ४१वरील नोंद विश्वासार्ह मानता येत नाही.' बस. दोन खरे नाहीत एवढेच ठरले. किती खरे ते कुणी लिहिलेच नाही. ब्रदरांचे नावही नाही.

आता मी अभिलेखागारात राहते. खास कागदाचा खोका, बेताचे तापमान. अहवाल आल्यावर महिन्याभरात कोलमन तिथे आला. माझी देखभाल करणाऱ्या डिम्फना नावाच्या मुलीने मला त्याच्यापुढे अलगद ठेवले.

"पोरी, पेन दे जरा."

"पेन इथं आणताच येत नाही, मिस्टर गेराटी. आणि वहीवर तर कुणालाच काही लिहिता येत नाही."

"खोटं मी लिहिलं, मग खरंही मीच लिहितो की. एकच आकडा."

"वही खराब होईल हो."

"होऊ दे! आमचा लोर्कन खराब केला तेव्हा कुणी आडवं आलं होतं का?"

डिम्फनाच्या डोळ्यांत पाणी आले. ती वरिष्ठांना विचारून आली. नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. मी मनातून ओरडत होते, लिहू द्या त्याला, मला खराब करा, फाडा, पण लिहू द्या! वहीचे कोण ऐकतो? बंद व्हायची वेळ होईपर्यंत कोलमन त्या पातळ जागेवर बोट ठेवून बसून राहिला आणि मग टोपी घालून निघून गेला.

मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत. पण तुमच्या शाळेत, वसतिगृहात एखादे मूल काही सांगू लागले, तर आधी वही उघडायला धावू नका. आधी त्याला जवळ बसवा आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. आणि माझे एवढे एक काम करा. कधी माझे एक्केचाळिसावे पान तुमच्यासमोर आले, तर चौथ्या ओळीत तुम्हाला दोन लिहिलेले दिसेल. तुम्ही तेवीस वाचा.