महेशची बॉडी

लग्नासाठी मुलगी बघतानासुद्धा माणूस एवढा विचार करत नाही, असं उज्वलाचं स्पष्ट मत झालं होतं. तिला स्वतःला तर महेशने पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत पसंत केलं होतं. आणि आता एका कॅमेऱ्यासाठी हाच गडी दिवाळीपासून घोळ घालत बसला होता, तो उन्हाळा लागला तरी उठायचं नाव नाही. सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला होता, केसाएवढी चूक चालत नाही तिथे, हे तिला कबूल होतं. पण कारखान्याची शिस्त कारखान्यात ठेवावी ना.

खूळ लागलं ते नांदूरमध्यमेश्वरला. कारखान्यातली मंडळी दिवाळीच्या थंडीत पक्षी बघायला गेली. महेशने घरचा रिळाचा छोटा कॅमेरा नेला आणि अख्खा रोल संपवून आला. फोटो धुऊन आले तर पक्षी दिसेचनात, नुसते पाण्यावर मिरीचे दाणे सांडल्यासारखे ठिपके. पाणी छान आलंय, असं उज्वला बोलून गेली. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने सायबर कॅफेत मुक्काम ठोकला.

मग घरात नवीच भाषा शिरली. डिजिटल एसएलआर म्हणजे बॉडी वेगळी आणि लेन्स वेगळी, हे तिला आठवड्याभरात पाठ झालं. बॉडी एकदा घ्यायची आणि लेन्स जन्मभर घेत राहायच्या, हेही कळलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. अठरा-पंचावन्न ही लेन्स बॉडीसोबतच मिळते, म्हणून महेशच्या लेखी तिला काडीची किंमत नव्हती. सत्तर-तीनशेने लांबचा पक्षी जवळ येतो, पण जवळचा माणूस फोटोत मावत नाही. पन्नासच्या लेन्सने माणूस झकास येतो, पण त्याच्या मागचं सगळं धूसर होतं. धूसर होणं हेच तर खरं सौंदर्य, असं महेशने डोळे मिटून सांगितलं. मागे आपला नवा फ्रिज असला तर तोही धूसर होणार का, असं तिने विचारलं, तेव्हा तो जेवण अर्धवट टाकून उठला.

एवढं करून अखेर बॉडी ठरली एकदाची, सोबतच्या लेन्सशिवाय. कारखान्यातल्या धनराजचा मेव्हणा मुंबईला असायचा, तो तिथून शनिवारच्या गाडीने घेऊन येणार होता. लेन्स मात्र ठरली नव्हती. लेन्सवाचून बॉडी म्हणजे बिनडोळ्याचा कॅमेरा, पण महेशला त्याचं काही वाटत नव्हतं. बॉडी हातात घेऊन सावकाश ठरवू, म्हणाला. आता ठरवा हो एकदाचं आणि सोडवा मला, असं उज्वला रोज म्हणायची.

हा घोळ निदान हसण्यासारखा तरी होता. घरातला दुसरा घोळ तसा नव्हता. महेशचे वडील, सावळीरामनाना, दिंडोरीकडच्या गावात थोरल्या मुलाजवळ, सहादूजवळ राहायचे. अशोकनगरातल्या या घराची वास्तुशांत ऐन द्राक्षकाढणीत आली. बागेत गाडी भरायला लागलीय, तारीख पुढे ढकल, असं नानांनी सांगितलं होतं. गुरुजींनी काढलेली तारीख आहे, ढकलता येत नाही, म्हणाला महेश. मग गुरुजींनाच बाप म्हण, म्हणाले नाना, आणि आले नाहीत. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा शिवला नव्हता. दोघेही एकाच मातीचे. बोलावलं तर येईन, म्हणायचे ते. एकदा बोलावलंय, आता त्यांचं त्यांनी यावं, म्हणायचा हा. सणासुदीला उज्वला एकटी गावी जायची. नाना तिची पिशवी भरून द्यायचे, तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का म्हणून विचारायचे, पण लेकाचं नाव काही ओठांवर येऊ द्यायचे नाहीत. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाकी काही नको, कॅमेरा नको की फ्रिज नको, म्हातारा एकदा या घरात येऊन जेवला म्हणजे झालं, एवढंच तिचं मागणं होतं.

शनिवारी सकाळीच महेश मोटारसायकल काढून नाशिक रोडला स्टेशनवर गेला. उज्वलाने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, राखणीला म्हणून खालच्या चतुराबाईंकडे घराची किल्ली दिली आणि बाजार गाठला.

परत आली तर गल्लीत माणसं. वेगवेगळी उभी, हळू आवाजात बोलणारी. ती दिसली तसं बोलणं थांबलं. कुणीतरी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, कुणी खुर्ची पुढे सरकवली. चतुराबाई आल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि धीर धर बाई, एवढंच म्हणाल्या. उज्वला खुर्चीत बसली. काय झालं, कुणाला झालं, असं तिने विचारलं.

"धनराजभाऊंचा फोन आला होता," चतुराबाई म्हणाल्या. "मला वहिनीच समजले. गाडीचा घोटाळा झाला म्हणाले. महेशची बॉडी संध्याकाळी आणतो. लायसनचं नंतर बघू म्हणाले."

उज्वला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. गाडीचा घोटाळा. लायसन. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी म्हणजे रेल्वेगाडी, ती उशिरा आली असणार. आणि लायसन नव्हे हो, लेन्स. तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग असं फुटलं की खुर्चीच हलायला लागली. क्षणभरापूर्वी आत जे गोठलं होतं ते सगळं हसण्यावाटे बाहेर पडत होतं आणि थांबता थांबत नव्हतं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. हिला रडवा, रडली नाही तर छातीत राहील, असं एकीने सुचवलं, आणि दोघीतिघी रडवायच्या कामाला लागल्या. एकीने महेश किती गुणाचा होता ते सांगायला सुरुवात केली. दुसरीने पाठीत दोन धपके घातले. मागच्या गल्लीतली एक म्हातारी तर तिच्या बांगड्यांकडे हात नेऊ लागली, तेव्हा मात्र उज्वलाने हात झटकला आणि ओरडून सांगितलं की बॉडी कॅमेऱ्याची आहे. ते ऐकून तर सगळ्यांची खात्रीच पटली. कॅमेऱ्याला कुठे बॉडी असते होय? शेवटी तिने वर धावत जाऊन महेशची माहितीपत्रकं आणली आणि चित्रावर बोट ठेवून एकेकीला दाखवलं, तेव्हा कुठे बायकांचा जीव भांड्यात पडला. थोड्या खट्टूही झाल्या, खोटं का बोला.

पण चतुराबाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांनी गावी फोन केला होता. महेशची बॉडी येतेय, नानांना घेऊन लगोलग निघा, असं सहादूला कळवून टाकलं होतं. उज्वलाने फोन फिरवला, तर शेजारचं पोरगं म्हणालं, सगळे जीप करून केव्हाच गेले. नाना तर अनवाणीच गेले.

तिचं हसू जागच्या जागी विझलं. वाटेत म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर? महेशला फोन लावावा तर त्याचा मोबाइल बंद. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली आणि ज्या देवाचं नाव आठवलं त्याला हात जोडत राहिली.

तेवढ्यात दोन्ही बाजूंनी गोंधळ आला. समोरचे यादवकाका सामान आणायला गेले होते, त्यांना खरं काय ते कळलंच नव्हतं. ते रिक्षातून बांबू आणि मडकं घेऊन उतरले, आणि त्याच क्षणी मागून महेशची मोटारसायकल आली. उशिराच्या गाडीसाठी तो स्टेशनवरच थांबला होता आणि खोकं स्वतःच घेऊन आला होता. गर्दी बघून त्याने गाडी लांबच बंद केली, खोकं छातीशी धरलं, चपला बाजूला काढल्या आणि यादवकाकांजवळ जाऊन हळूच विचारलं,

"कोण गेलं, काका?"

यादवकाकांच्या हातून मडकं सुटलं आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. ते भिंतीला टेकले. महेशला वाटलं, काका दुःखात आहेत. तो खोकं बगलेत मारून बांबू उतरवायला लागला. स्वतःच्या तिरडीचे बांबू तो मोठ्या गंभीरपणे उतरवत होता आणि सगळी गल्ली तोंडाला पदर लावून बघत होती.

तशात जीप आली. ती नीट थांबायच्या आतच नाना उतरले. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही. सहादू धरायला गेला तर त्याचा हात त्यांनी झिडकारला. माणसं बाजूला झाली आणि समोर बांबू धरून महेश उभा.

नाना जवळ आले. त्यांनी महेशचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत दाबून बघितले. "कुठं लागलंय तुला?" ते म्हणाले. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"कुठंच नाही, नाना," महेश बावचळून म्हणाला.

तेव्हा नानांनी त्याच्या मुस्कटात एक अशी लगावली की आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. आणि मग ते मटकन पायरीवर बसले आणि पोरासारखे रडले. उज्वलाही रडली. तिला रडवायला झटलेल्या बायका आता मन भरून रडल्या. महेश गाल धरून उभा होता, त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आपण कशासाठी रडतोय हे त्याला अजून कळलं नव्हतं.

चतुराबाईंनी रडत रडत सगळा प्रकार सांगितला. नानांनी ऐकून घेतला, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. आणि तोंड पुसलं तसा त्यांचा जुना ताठाही परत आला. ते उठले. पोरगं धड हाय, झालं माझं काम, असं म्हणून सहादूला जीप फिरवायला सांगितलं त्यांनी. सगळ्यांनी महेशकडे बघितलं. वर चला, एवढे दोन शब्द. पण महेश मान खाली घालून काढलेल्या चपला शोधत राहिला.

उज्वलाच्या अंगाची आग झाली. ती दारापर्यंत आलेली लक्ष्मी बघत होती आणि दोन टोणगे वाट अडवून उभे होते. तिने महेशच्या बगलेतलं खोकं ओढून घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली,

"नाना, मयताला आलेलं माणूस तोंड बघितल्याशिवाय माघारी जात नसतं. बॉडी वर नेतेय मी. दर्शन घ्या आणि मग जा."

आणि ती मागे न बघता जिना चढू लागली. रीतीला नानांनी आजवर कधी मोडता घातला नव्हता. मग अनवाणी पावलं एकेक पायरी चढताना ऐकू आली, तेव्हा तिने उरातला श्वास सोडला.

वर आल्यावर तिने खोकं टेबलावर ठेवून सोडलं. नाना समोर बसले. काळी बॉडी त्यांनी दोन्ही हातांत धरली, वजन बघितलं, उलटीसुलटी केली. डोळ्याला लावली.

"काय बी दिसत नाय हिच्यातून," ते म्हणाले.

"लेन्स नाही ना लावलेली, नाना," दारातून महेश म्हणाला. वास्तुशांतीनंतर बापाशी सरळ बोललेलं त्याचं हे पहिलं लांब वाक्य होतं. "ती यायचीय अजून."

"कवा येणार?"

"ठरली नाही अजून."

मग ठरत का नाही, असं नानांनी विचारलं, आणि महेश टेकला त्यांच्यासमोर. सत्तर-तीनशे सांगितली, पन्नास सांगितली, धूसर म्हणजे काय ते सांगितलं. नाना द्राक्षाच्या औषधाची चौकशी करावी तसे बारीक प्रश्न विचारत होते. लांबचं दिसतं ती घे, म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, नाय, माणूस चांगला येतो ती बघ. मग पुन्हा म्हणाले, दोन्हींचा विचार कर. घोळ कुठून आलाय या घरात ते उज्वलाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. सहादूने खालून दोनदा हॉर्न वाजवला. दुसऱ्या हॉर्नला नानांनी खिडकीतून हात हलवला.

"तू जा," ते खाली बघून म्हणाले. "ह्याची ती लेन ठरली का मग येतो मी."

उज्वला स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तेवढ्यात फोन वाजला. धनराज होता. मेव्हणा उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला परत निघतोय, म्हणाला. लेन्स कुठली ती आत्ता सांगा, म्हणजे येत्या शनिवारी हातात पडेल. उज्वलाने पिठाच्या हाताने रिसीव्हर धरून बाहेर नजर टाकली. बापलेक एका माहितीपत्रकावर डोकी घालून बसले होते आणि दोघांचं कशावर तरी जोरात बिनसलं होतं.

"अजून नाही हो ठरलं त्यांचं," ती हळूच म्हणाली. "काही घाई नाही. दिवाळीपर्यंत बघू."

कुणाचा फोन, असं महेशने बाहेरून विचारलं.

"राँग नंबर," उज्वला म्हणाली.